गाडी बोटीवर चढवण्याआधी : वाचकांचे प्रश्न

परदेशातून गाडी आणण्याबद्दल या वेळी जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांनी गाडी आधीच घेऊन टाकली आहे आणि ती नव्या देशात चालवायला लागणाऱ्या मान्यतेचं आता विचारताहेत. क्रम उलटा हवा होता. ज्यांची गाडी अजून तिकडेच उभी आहे त्यांना खालच्या उत्तरांचा खरा उपयोग होईल. ज्यांची बंदरात येऊन पडली आहे त्यांना निदान कुठे अडलंय ते कळेल.

प्रश्न : जपानमध्ये नोकरीला असताना घेतलेली गाडी तिथल्या सक्तीच्या तपासणीत पास झालेली आहे, कागद आहेत. तरी दुसऱ्या देशात नेताना ‘अप्रूव्हल’ लागेल म्हणतात. पास झालेली गाडी पुन्हा पास कशाला करायची?

उत्तर : कारण त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. जपानचं शाकेन, ब्रिटनचं एमओटी, आपल्याकडचं फिटनेस या तपासण्या गाडी झिजली आहे का ते बघतात. ब्रेक धरतात का, टायर गुळगुळीत झालेत का, धूर मर्यादेत आहे का, इतकंच. मान्यता चाचणी बघते ती गाडीची घडण. हेडलाइटचा झोत रस्त्याच्या कोणत्या कडेला जातो, काच कुठल्या दर्जाची आहे, सीटबेल्ट कुठे आणि कसे आवळले आहेत, धुराचं कुठलं मानक धरून इंजिन बनवलं आहे. त्यामुळे कालच कारखान्यातून निघालेली कोरी गाडी मान्यतेत नापास होऊ शकते, आणि आठ वर्षं वापरलेली पास होऊ शकते.

कारखाना नवं मॉडेल काढतो तेव्हा नमुन्याच्या गाड्या चाचणी संस्थेकडे जातात. तिथे मिळते ती टाइप अप्रूव्हल; आपल्याकडे रूढ शब्द होमोलोगेशन. नमुना एकदा मंजूर झाला की त्याबरहुकूम निघालेल्या गाडीची पुन्हा एकेक करून चाचणी होत नाही. युरोपात अशा प्रत्येक गाडीला तिच्या चासी नंबरानिशी एक दाखला मिळतो, सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी, म्हणजे सीओसी. तो हरवला असेल तर कंपनीकडून प्रत मागवता येते. युरोपातून गाडी आणणाऱ्याने पैसे देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच : सीओसी आहे का?

जगात यासाठी दोन मोठ्या पद्धती आहेत. एक, संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या कराराची. त्यात एका देशाने मंजूर केलेला दिवा, आरसा किंवा टायर दुसऱ्या सदस्य देशाला मान्य असतो. त्याची खूण म्हणजे गोलातलं ई आणि त्यासोबतचा आकडा. १ जर्मनीचा, ४ नेदरलँड्सचा, ११ ब्रिटनचा, ४३ जपानचा. हा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो, बनवणाऱ्या देशाचा नाही. ४ लिहिलेला दिवा नेदरलँड्समध्ये बनला असा अर्थ काढू नका. दुसरी पद्धत अमेरिकेची. तिथे सुरक्षेच्या बाबतीत सरकार विक्रीआधी शिक्का मारतच नाही. ‘ही गाडी आमच्या संघीय मानकांना उतरते’ असं निर्माता स्वतः जाहीर करतो आणि तसं लेबल ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवतो. अमेरिका १९५८ च्या करारात नाही, भारतही नाही. दोन्ही देश नंतरच्या १९९८ च्या करारात आहेत, पण त्यात एकमेकांच्या मंजुऱ्या मान्य करण्याचं बंधन नाही. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात का चालत नाही याचं निम्मं उत्तर इथे आहे.

प्रश्न : आखाती देशात अडीच वर्षं वापरलेली एसयूव्ही पुण्याला आणायची आहे. स्टेअरिंग डावीकडे आहे, पण ते उजवीकडे करून देणारे लोक आहेत. ड्यूटी भरायची तयारी आहे. एवढ्यावर भागेल ना?

उत्तर : नाही भागणार, आणि ड्यूटी हा इथला मुद्दाच नाही. भारताच्या आयात धोरणात सेकंडहँड गाडीसाठी ज्या अटी आहेत त्या आधी बघा. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. तारीख उत्पादनाची धरायची, पहिल्या नोंदणीची नाही. शोरूममध्ये आठ महिने पडून राहिलेल्या गाडीची तीन वर्षं तुम्हाला वाटतात त्याच्या आठ महिने आधी संपतात. स्टेअरिंग उजवीकडे हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. आयातीनंतर किमान पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढा काळ तिची देखभाल होईल अशी हमी द्यावी लागते. आणि सेकंडहँड गाडी उतरवायला बंदर एकच, मुंबई.

यानंतर चाचण्या. गाडी बोटीवर चढण्याच्या लगेच आधी तपासली गेली आहे आणि ती मोटार वाहन कायदा १९८८ व त्याखालच्या नियमांत बसते, असं केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. तिकडच्या कुठल्याही गॅरेजचा किंवा विमा सर्व्हेअरचा कागद इथे उपयोगाचा नाही. गाडी मुंबईत उतरली की कस्टम्समधून सुटण्याआधी पुन्हा चाचणी : पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची (पूर्वीचं अहमदनगर) व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातल्या बुधनीची शेतीयंत्र चाचणी संस्था. कारखान्यातून निघताना गाडीला जो मूळ होमोलोगेशन दाखला होता, त्याच्याशी समोरची गाडी जुळते का, हे तिथे पाहतात.

आता स्टेअरिंग उजवीकडे करून घेण्याची कल्पना कुठे अडते ते लक्षात येईल. मूळ दाखल्यात गाडी डाव्या स्टेअरिंगची आहे. स्टेअरिंग सरकवलं की स्टेअरिंग कॉलम, डॅशबोर्डमागची आडवी पट्टी, ब्रेक बूस्टरची जागा, पेडल, एअरबॅगची बैठक, वायपरची दिशा असं सगळं बदलतं. मग गाडी मूळ दाखल्याशी जुळणार कशी? शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापासून फारकत घेणारे फेरफार करू देत नाही. म्हणजे स्टेअरिंगवर खर्च केलेल्या पैशाने गाडी मान्यतेच्या जवळ येत नाही, उलट लांब जाते.

धुराचीही अडचण असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा, ज्यात प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजतात. आखातात विकलेलं तेच मॉडेल तिथल्या मानकाचं असतं. बॉनेटवरचं नाव एक असलं तरी सायलेन्सरमधली जाळी आणि ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) प्रोग्रॅम वेगळा असू शकतो.

‘मग कोरीच घेतो’ असंही काही जण म्हणतात. नव्या गाडीची व्याख्या कडक आहे : आयातीआधी ती विकलेली, भाड्याने दिलेली किंवा कुठल्याही देशात नोंदलेली नको. तिकडे एक दिवसासाठी नंबर घेतला तरी ती जुनी झाली. आणि नव्या गाडीलाही केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ खालचं मान्यतापत्र लागतं. २०१८ मध्ये वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत होमोलोगेशनमधून सूट दिली गेली, ती वर्तमानपत्रात वाचून अनेकांनी आम्हाला लिहिलं. ती सूट कंपन्यांसाठी आणि त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींसाठी आहे, एकट्यादुकट्या माणसासाठी नाही.

फक्त फिरायलाच आणायची असेल तर कार्नेचा, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या हमीपत्राचा, रस्ता आहे. त्यावर गाडी तात्पुरती येते, साधारण सहा महिने राहते आणि परत जाते. विकता येत नाही, इथला नंबर मिळत नाही, म्हणून मान्यतेचा प्रश्नही येत नाही. तुमच्या बाबतीत आमचा स्पष्ट सल्ला : गाडी तिकडेच विका.

प्रश्न : (ब्रिटनमधून) जपानहून सहा वर्षांची गाडी घेतली आहे. आयव्हीए चाचणीत (एकेका गाडीच्या स्वतंत्र मान्यतेच्या) बहुतेक जण कुठे अडकतात? कशाआधी काय करायचं तेही सांगा.

उत्तर : आधी क्रम. गाडी ब्रिटनमध्ये आल्यापासून १४ दिवसांत ‘नोव्हा’ पद्धतीने एचएमआरसीला, म्हणजे तिथल्या कर खात्याला, कळवायचं. कर आणि ड्यूटीचा हिशेब तिथे मिटला नाही तर डीव्हीएलए (वाहन नोंदणी खातं) नोंदणीच करत नाही. मग डीव्हीएसएकडे (वाहन चाचणी खात्याकडे) आयव्हीएचा अर्ज आणि चाचणीची वेळ. वेळ आधी ठरलेली असेल आणि चासी नंबरावर विमा उतरवलेला असेल, तर बिननंबरची गाडी चाचणी केंद्रापर्यंत चालवत नेता येते. पास झालात की इंडिव्हिज्युअल अप्रूव्हल सर्टिफिकेट मिळतं. तुमची गाडी तीन वर्षांहून जुनी आहे, म्हणून एमओटीही लागेल. हे सगळे कागद आणि व्ही५५/५ फॉर्म डीव्हीएलएला पाठवले की नंबर.

आयव्हीए दोन प्रकारची असते. बेसिकमध्ये मुख्यतः डोळ्यांनी तपासणी आणि तपासनीसाचा तांत्रिक अंदाज. नॉर्मलमध्ये बऱ्याच गोष्टींचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. अर्ज भरण्याआधी आपण कुठल्या वर्गात बसतो ते नीट वाचा. चुकीच्या वर्गात अर्ज केला तर गाडी तपासण्याआधीच कागद परत येतात.

जपानी गाडीला एक गोष्ट आयती मिळालेली असते : तिथेही वाहतूक डावीकडून, त्यामुळे स्टेअरिंग आणि हेडलाइटचा झोत बहुधा बरोबर असतो. अडतं ते मागच्या फॉग लॅम्पवर. जपानमध्ये विकलेल्या पुष्कळ गाड्यांना तो नसतोच. ब्रिटनमध्ये निदान एक हवा, आणि तो मधोमध किंवा ड्रायव्हरच्या बाजूला. बाजारातून दिवा आणून बंपरखाली लटकवला की झालं असं वाटतं, आणि तिथेच लोक नापास होतात. दिव्यावर ई खूण हवी. जमिनीपासून उंची २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, आणि साध्या कारसाठी १,००० पेक्षा जास्त नको. ब्रेक लाइटपासून अंतर १०० मिलिमीटरहून जास्त हवं, कारण दोन्ही लाल, दोन्ही झगझगीत. जवळ असले तर मागच्याला ब्रेक लागलाय की फॉग चालू आहे ते कळत नाही.

वायरिंग हा त्याचा अवघड भाग. फॉग लॅम्प हेडलाइट किंवा पुढचे फॉग चालू असतानाच लागला पाहिजे, नुसत्या पार्किंग लाइटवर नाही. पुष्कळ गॅरेजवाले सोपं म्हणून टेल लाइटच्या वायरीतून टॅप मारतात. पार्किंग लाइट लावली की फॉग पेटतो, आणि तपासनीस नेमकं तेच करून बघतो. वीज हेडलाइटच्या रिलेकडून घ्या. स्वतंत्र बटण हवं, आणि दिवा चालू आहे हे सांगणारा पिवळसर खुणेचा दिवा ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. बटण स्टेअरिंगमागे दडलं आणि त्यातलाच दिवा ‘खुणेचा’ म्हणून दाखवला, तर वाद होतो.

दुसरी जागा स्पीडोमीटर. ब्रिटनमध्ये मैल दिसायला हवेत. डिजिटल क्लस्टर असेल तर आधी सेटिंगमध्ये शोधा, काही गाड्यांत एकक बदलण्याची सोय असते. काट्याच्या मीटरला नवी तबकडी किंवा सिग्नल बदलणारं छोटं यंत्र बसवतात. हे दोन्ही एकदम करू नका. तबकडी मैलांची आणि सिग्नलही मैलांत बदललेला, अशी दुहेरी दुरुस्ती झालेल्या गाडीचा काटा खऱ्या वेगाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी दाखवतो.

आणि कमी दाखवणं हा न चालणारा दोष आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवताच कामा नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी सूट. म्हणजे गाडी खरोखर ८० ने जात असेल तर काटा ८० ते ९२ च्या आत हवा. आता टायरचा हिशेब करून बघा. २०५/५५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर. आधीच्या मालकाने रुबाबासाठी २१५/६० आर १६ बसवले असतील तर तो होतो सुमारे ६६४. चाक एका फेरीत ५ टक्के जास्त पुढे जातं, मीटरला मात्र फेऱ्या तेवढ्याच दिसतात. कारखान्याने ठेवलेली मोकळीक ५ टक्क्यांहून कमी असेल तर काटा खऱ्या वेगाच्या खाली गेलाच. मीटरमध्ये दोष शोधत बसण्यापूर्वी दारावरच्या लेबलवरचा टायरचा आकार आणि चाकावरचा आकार ताडून पाहा. दहातल्या पाच पत्रांना एवढंच उत्तर पुरलं असतं.

जाता जाता : दहा वर्षांहून जुन्या कारला ब्रिटनमध्ये आयव्हीए लागत नाही. त्यामुळे नऊ वर्षं आठ महिन्यांची गाडी आणण्यापेक्षा चार महिने थांबणं शहाणपणाचं. फॉग लॅम्प आणि मैलांचा मीटर मात्र तेव्हाही लागतोच.

प्रश्न : हेडलाइट डाव्या वाहतुकीचा आहे की उजव्या, हे गाडी न चालवता, नुसत्या फोटोवरून कळतं का? आणि पर्यटक लावतात तसे स्टिकर लावून चाचणी पास होते का?

उत्तर : कळतं, बहुतेक वेळा. विकणाऱ्याकडून हेडलाइटच्या काचेचा जवळून फोटो मागवा. खालच्या कडेला बारीक उठावात अक्षरं असतात : गोलातलं ई, मंजुरीचा क्रमांक, आणि एचसीआर किंवा डीसीआर अशी अक्षरं. एच म्हणजे हॅलोजन, डी म्हणजे गॅस डिस्चार्ज, ज्याला आपण झेनॉन म्हणतो. सी म्हणजे डिपर, आर म्हणजे अपर. यांच्या आसपास बाण शोधा. दिव्यासमोर उभं राहून बघताना बाण तुमच्या उजवीकडे रोखलेला असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे भारत, ब्रिटन, जपानचा. बाणाला दोन्ही टोकं असतील तर दोन्हीकडे चालणारा, आत कुठेतरी खटका किंवा सेटिंग असतं. ई खूण असून बाणच नसेल तर उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. अमेरिकी दिव्यावर ई ऐवजी डॉट अशी अक्षरं असतात; ई खुणेची मागणी असलेल्या देशात तो दिवा बदलायचाच असं धरून चाला.

हे इतकं महत्त्वाचं का? गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. प्रकाशाची वरची कड सरळ आडवी जाते आणि एका बाजूला वर चढते. ही चढ कडेच्या पायवाटेवरचा माणूस, सायकलवाला, पाट्या दिसाव्यात म्हणून असते. गाडी दुसऱ्या बाजूने चालवली की तीच चढ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसते. स्क्रू फिरवून ती बाजू बदलत नाही. स्क्रूने सगळा झोत वरखाली किंवा डावीउजवीकडे सरकतो, आकार तोच राहतो. आकार रिफ्लेक्टरमध्ये, काचेच्या रेषांत किंवा प्रोजेक्टरमधल्या पत्र्याच्या पडद्यात कोरलेला असतो. काही प्रोजेक्टरमध्ये त्या पडद्यालगत एक इवलीशी दांडी असते, ती सरकवली की चढ सपाट होते. परक्या देशात चार दिवस फिरायला हे ठीक. स्टिकरचंही तेच. ते चढ झाकतात, बाजू बदलत नाहीत. कायमच्या नोंदणीसाठी योग्य बाजूचे दिवे विकत घ्यावे लागतात.

हॅलोजनच्या घरात एलईडी किंवा झेनॉनचा बल्ब घातलेली गाडी आणू नका. मंजुरी घर आणि बल्ब या जोडीला असते. फिलामेंटच्या जागी वेगळ्या आकाराचा प्रकाशबिंदू आला की वरची कड विस्कटते आणि चाचणीच्या पडद्यावर ते लपत नाही. कारखान्याच्याच झेनॉनलाही सोबत आपोआप झोत खालीवर करणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे लागतात. बंपर बदलताना ते फवारे काढून टाकलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा बंपरचाही फोटो मागवा.

प्रश्न : (जर्मनीतून) अमेरिकेतली २०१५ ची गाडी मनात भरली आहे. विकणारा म्हणतो, फक्त इंडिकेटर बदला.

उत्तर : विकणारा म्हणणारच. मागचे लाल इंडिकेटर पिवळे करणं ही फक्त सुरुवात. अमेरिकी गाडीत ब्रेक आणि इंडिकेटर पुष्कळदा एकाच बल्बवर चालतात, तेव्हा नुसती काच रंगवून चालत नाही. वेगळा दिवा, वेगळी वायर, आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या संगणकाला) दोन्ही वेगळे आहेत हे समजावण्यासाठी कोडिंग. ते नीट झालं नाही तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरही पेटतो. पुढचे पार्किंग दिवे पिवळे असतात, ते पांढरे लागतात. मागचा फॉग लॅम्प बसवावा लागतो. हेडलाइट बदलावे लागतात. काचेवर आणि टायरवर अमेरिकी खुणा असतात. त्यांतलं काय चालवून घ्यायचं हे तपासणारा अभियंता ठरवतो.

जर्मनीत अशा सुट्या गाडीची तपासणी वाहतूक परवाना नियमावलीच्या परिच्छेद २१ प्रमाणे होते. ट्यूफसारख्या संस्थेचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ ती करतो. त्याला त्या मॉडेलच्या युरोपीय भावंडाचा तांत्रिक तपशील हवा असतो : धूर, आवाज, ब्रेक, जास्तीत जास्त वजन. तोच मिळत नाही म्हणून फाइल महिनोन् महिने पडून राहते. तेव्हा गाडी घेण्याआधी चासी नंबर घेऊन त्या तज्ज्ञाकडे जा आणि ‘तुम्हाला कुठले कागद लागतील?’ हे लिहून घ्या. जे मॉडेल युरोपात कधी विकलंच गेलं नाही त्याच्या वाट्याला जाऊ नये, असं आमचं मत. आणखी एक : अशी राष्ट्रीय पातळीवरची एकट्या गाडीची मान्यता मुळात त्या एका देशापुरती असते. उद्या गाडी शेजारच्या देशात न्यायची झाली तर तिथे पुन्हा बोलणी करावी लागू शकतात.

प्रश्न : (अमेरिकेतून) वडिलांची १९९८ ची जिप्सी इकडे आणायची आहे. ती इथल्या कुठल्याच मानकात बसणार नाही, हे माहीत आहे.

उत्तर : बसायची गरजच नाही. २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांतून सूट आहे. धुराच्या बाबतीत ईपीएची (तिथल्या पर्यावरण खात्याची) अट २१ वर्षांची, पण इंजिन मूळ रचनेतलं हवं. कुणी त्यात दुसरं इंजिन टाकलं असेल तर आधी त्याचा विचार करा. कस्टम्समध्ये दोन फॉर्म : सुरक्षेसाठी एचएस-७, धुरासाठी ३५२०-१. पंचवीस वर्षं उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात, म्हणून महिन्याचा पुरावा हवा. आपल्या आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. ती जपून ठेवा, गाडी निघताना एजंटाकडे मूळ प्रत देऊन विसरू नका. राहता तो प्रांत वेगळं काही मागतो का ते आधी बघा, विशेषतः कॅलिफोर्निया. धुराबाबत तो आपलं वेगळं चालवतो.

गाडी पंचवीसच्या आतली असती तर चित्र निराळं होतं. ते मॉडेल एनएचटीएसएच्या (तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याच्या) पात्र यादीत असावं लागतं, काम नोंदणीकृत आयातदाराकडूनच करून घ्यावं लागतं, गाडीच्या करपात्र किमतीच्या दीडपट बाँड भरावा लागतो आणि १२० दिवसांत गाडी मानकात आणावी लागते. हौसेसाठी हे कुणी करू नये. कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाला जुनी गाडी पाठवायची आहे. ती पोहोचल्यावर अर्ज केला तर चालेल का?

उत्तर : नाही. तिथे आयातीची मंजुरी हातात आल्यावरच गाडी बोटीवर चढवायची. आणि अ‍ॅस्बेस्टॉस! जुन्या गाडीचे ब्रेक पॅड, क्लच प्लेट, एक्झॉस्टचे गॅस्केट यांत तो असू शकतो आणि ऑस्ट्रेलियात तो आणायला पूर्ण बंदी आहे. ‘नसावा’ हे उत्तर चालत नाही. कुठले भाग तपासले, कुठले बदलले याचा पुरावा लागतो.

प्रश्न : चासी नंबराच्या दहाव्या अक्षरावरून गाडीचं वर्ष कळतं, असं ऐकलं. तेवढा पुरावा पुरेल का?

उत्तर : उत्तर अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीत दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं. युरोप आणि जपानच्या अनेक निर्मात्यांनी तिथे भलतंच काही घातलेलं असतं, आणि जपानमध्येच विकायच्या गाड्यांना तर १७ अक्षरी नंबरही नसतो, त्यांचा फ्रेम नंबर आखूड असतो. शिवाय मॉडेल वर्ष म्हणजे उत्पादनाचं वर्ष नव्हे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बनलेली गाडी २०२२ ची म्हणून विकली जाते. वयावर मान्यता अवलंबून असेल तर निर्मात्याचं तारखेचं पत्र घ्या. सीटबेल्टच्या मुळाशी असलेलं लेबल, काचेवरच्या ठिपक्यांचा संकेत या गोष्टी जोडीला ठीक, एकट्या पुरत नाहीत.

प्रश्न : चाचणीच्या दिवशी काय काळजी घ्यावी? आणि नापास झालो तर सगळं पहिल्यापासून का?

उत्तर : गाडी खालून धुऊन न्या. चिखलाखालचा गंज किंवा ब्रेकची नळी दिसली नाही तर तपासनीस चाचणी नाकारू शकतो. पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर आदल्या दिवशी स्वतः शोधा, तारेच्या ब्रशने नाही, कापडाने पुसा, आणि प्लेटवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. या नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात; कागदावर शून्याच्या जागी ओ टाइप झालेला असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. चाकाच्या लॉक नटची चावी, टाकीत पुरेसं पेट्रोल, डॅशबोर्डवर एकही इशारा-दिवा पेटलेला नाही, टायरवरचा भार-निर्देशांक गाडीच्या वजनाला पुरतो, हे बघा. नंतर बसवलेले बुलबार, काळी फिल्म, रंगीत दिवे काढून ठेवा; चाचणी मूळ गाडीची आहे, सजावटीची नाही.

नापास झालात तर कारणांची लेखी यादी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीत आलात तर फक्त त्या मुद्द्यांची फेरतपासणी होते. यादीतल्या कलमापलीकडे काही बदलू नका. फॉग लॅम्पसाठी परत बोलावलेली गाडी मधल्या काळात नवे अलॉय व्हील लावून आली, तर स्पीडोमीटर पुन्हा मोजायची वेळ येते.